जवानाचा ताण मोजतात कसा, आणि फॉर्मवर नाव असलं की आकडा का बदलतो

माझा चुलतभाऊ फौजेत आहे, हवालदार. आमचं गाव कोरेगाव तालुक्यातलं, त्यामुळे घरटी एखादा तरी मिलिटरीत हे आमच्याकडे नवीन नाही. दोन वर्षांपूर्वी दादा फील्ड पोस्टिंगवरून सुट्टीवर आला होता आणि मी तेव्हा सायकॉलॉजीत एमए करत होते, प्रॅक्टिकलसाठी एक प्रश्नावली मराठीत उतरवून प्रिंट काढून आणली होती. म्हटलं दादा, भर की जरा, माझं काम होईल. त्यानं ओट्यावर बसून दोन मिनिटांत भरून दिली. सगळ्या टिका ‘अजिबात नाही’च्या रकान्यात, वरून खाली एकदम सरळ रेघ. आणि कागदाच्या वर, जिथे मी कुठला चौकोनही ठेवला नव्हता तिथे, त्यानं सवयीनं नंबर, रँक, नाव, युनिट असं सगळं लिहिलेलं.

आतून काकू ओरडली, “रात्री तीनला उठून दाराची कडी बघतोस ते लिही की त्यात!”

दादा हसला आणि मला म्हणाला, “हे कुणाला दाखवणार?”

मी दुसरा कोरा कागद दिला, म्हटलं नाव नको लिहू, कुणालाच दाखवणार नाही. त्याला अर्धा तास लागला. त्याचा स्कोअर काय आला ते मी इथे सांगणार नाही, दिलेला शब्द आहे. पण दोन्ही कागद एकाच माणसाचे, एकाच सकाळचे होते आणि त्यांच्यात काही म्हणजे काही साम्य नव्हतं.

तेव्हापासून सैनिकांमधल्या ताणाचे आकडे पेपरात आले की मी आधी बघते की विचारलं कुणी, कधी, आणि कागदावर नाव होतं का. हेच सगळं जरा सोपं करून सांगते.

आधी मोजतात म्हणजे नेमकं काय करतात ते बघू. बीपीला दंडाला पट्टा बांधता येतो, शुगरला बोटाला टोचता येतं, मनाला तसलं काही नाही. मग विचारायचं. जगभरात सैनिकांसाठी सगळ्यात जास्त वापरली गेलेली एक यादी आहे, पीसीएल म्हणतात तिला. आघातानंतरचा जो त्रास असतो, ज्याला पीटीएसडी म्हणतात, त्याची लक्षणं त्यात ओळीनं दिलेली असतात. जुन्या यादीत १७ प्रश्न होते. गेल्या महिनाभरात नको त्या आठवणी किती छळल्या, झोप किती उडाली, अचानक आवाजानं दचकायला किती होतं, जवळच्या माणसांपासून तुटल्यासारखं किती वाटलं, असे. प्रत्येकाला १ ते ५ मार्क, म्हणजे कमीत कमी १७ आणि जास्तीत जास्त ८५. नवीन यादीत २० प्रश्न आहेत आणि मार्क ० ते ४. उदासपणासाठी वेगळी नऊ प्रश्नांची यादी असते, दारूसाठी वेगळी.

मग बेरीज करून कुठेतरी एक रेघ मारायची, तिच्या वर गेला त्याला ‘त्रास असण्याची शक्यता’. ही रेघ कुठे मारली यावर केवढा फरक पडतो बघा. २००४ साली चार्ल्स होग नावाच्या अमेरिकन लष्करी डॉक्टरनं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी इराक-अफगाणिस्तानला जाणाऱ्या आणि तिथून परत आलेल्या पायदळातल्या सैनिकांचा मोठा अभ्यास छापला, या विषयातला तो सगळ्यात गाजलेला अभ्यास म्हणता येईल. त्यात इराकहून परतलेल्या आर्मीच्या सैनिकांमध्ये पीटीएसडीचं प्रमाण ढोबळ व्याख्येनं १८.० टक्के येतं आणि कडक व्याख्येनं १२.९ टक्के. माणसं तीच, त्यांनी दिलेली उत्तरं तीच, फक्त रेघ हलली. म्हणून कुणी नुसतं “इतके टक्के जवान आजारी” असं म्हणालं की रेघ कुठली धरली ते विचारायचं.

आणि रेघेच्या वर गेला म्हणजे आजारी असंही नाही, ही गोष्ट पेपरवाले कायम गाळतात. ही चाळणी आहे, निदान नाही. समजा १००० जवान आहेत आणि त्यातल्या ५० जणांना खरंच त्रास आहे. चाचणी चांगली आहे, त्रास असलेल्या १०० पैकी ८० जणांना बरोबर पकडते आणि त्रास नसलेल्या १०० पैकी फक्त १० जणांना उगाच पकडते. ऐकायला भारी वाटतं ना, पण हिशोब करा: ५० पैकी ४० सापडले, १० सुटले, आणि उरलेल्या ९५० मधले ९५ उगाच अडकले. म्हणजे डॉक्टरच्या दारात १३५ जण उभे आणि त्यातले खरे ४०. बाकी ९५ जणांना काही झालेलं नाही पण त्यांच्या कागदावर शेरा पडला. (हे आकडे मी समजवायला घेतलेत, पण हिशोब सगळीकडे असाच चालतो.) म्हणून चाळणीनंतर अनुभवी डॉक्टरनं समोर बसून बोलणं लागतंच, त्याला पर्याय नाही.

आता मुख्य मुद्दा, जो दादानं मला ओट्यावर शिकवला.

अमेरिकेत परत आलेल्या प्रत्येक सैनिकाला एक फॉर्म भरावा लागतो, नावानिशी, तो त्याच्या मेडिकल रेकॉर्डला लागतो. एका अख्ख्या ब्रिगेडनं, साडेतीन हजार सैनिकांनी, लढाईहून परतल्यावर तो नेहमीसारखा भरला. मग त्यातल्याच २५०० जणांना संशोधकांनी जवळपास तेच प्रश्न परत विचारले, पण यावेळी विनानावाचा कागद. १७१२ जणांनी भरून दिला. २०११ साली निकाल छापून आला आणि त्यात विनानावाच्या कागदावर उदासपणा, पीटीएसडी, जीव द्यावासा वाटणं आणि मदत हवी असं म्हणणं, या सगळ्याचं प्रमाण नावाच्या फॉर्मपेक्षा दुपटीपासून चौपटीपर्यंत जास्त आलं. ज्यांच्या उत्तरांतून उदासपणा किंवा पीटीएसडी दिसत होता, त्यातल्या दर पाच जणांत एकानं सरळ सांगितलं की नेहमीच्या फॉर्मवर खरं लिहायला मला अवघड वाटतं.

यात मला सगळ्यात जास्त लागलं ते शेवटचं, मदत हवी म्हणणाऱ्यांचं. माणसाला मदत हवीय, तो कागदावर तसं म्हणतोय, पण त्याच कागदावर जिथे नाव नाही तिथे. आणि ज्याचं नावच नाही त्याला मदत पोचवणार तरी कोण?

जवान खोटं का लिहितो याला भित्रेपणा म्हणणं चुकीचं आहे, तो पूर्ण हिशोब करून लिहीत असतो. आपल्या सैन्यात मेडिकल फिटनेस ‘शेप’नं ठरतो, त्यातला पहिला ‘एस’ म्हणजे मानसिक तब्येत, मग कान, हातपाय, एकूण शरीर, डोळे. सगळं उत्तम असेल तर शेप-वन. मानसिक कारणानं खाली गेला की जवान आपसात म्हणतात ‘कॅटेगरी लागली’. कॅटेगरी लागली की प्रमोशन, कोर्स, पोस्टिंग सगळ्याला धक्का बसू शकतो, हातात हत्यार द्यायचं का यावर विचार होतो, आणि पलटणीत कळलं की नजरा बदलतात ते वेगळंच. ज्याच्या घरी बहिणीचं लग्न ठरलंय आणि बँकेचा हप्ता चालू आहे तो माणूस फॉर्मवरच्या एका खुणेसाठी एवढं सगळं पणाला लावेल का? होगच्या त्या अभ्यासातसुद्धा हेच दिसलं होतं. ज्यांना त्रास दिसत होता त्यातले फक्त २३ ते ४० टक्के लोक मदतीसाठी गेले होते, आणि लोक काय म्हणतील ही भीती ज्यांना खरंच त्रास होता त्यांनाच दुप्पट होती. म्हणजे ज्याला गरज आहे तोच जास्त लपवतो.

यात अजून एक गाठ आहे ती वेळेची. फॉर्म कधी भरून घेता? सैनिक परत आला त्याच आठवड्यात भरून घेतला तर त्याचं सगळं लक्ष घरी जाण्यात असतं, ‘हो’ लिहिलं तर अजून चौकशी होणार आणि घर लांबणार हे त्याला चांगलं माहीत असतं. शिवाय तेव्हा खरंच बरं वाटत असतं हो, जिवंत परत आलोय, पोरं गळ्यात पडलीत, गावजेवण होतंय. खरा त्रास नंतर वर येतो. २००७ साली इराकहून आलेल्या ८८,२३५ अमेरिकन सैनिकांचे दोन फॉर्म शेजारी ठेवून बघितले गेले, एक आल्याआल्या आणि दुसरा साधारण सहा महिन्यांनी. कायम सेवेतल्या सैनिकांत मानसिक त्रासाची शक्यता दिसणाऱ्यांचं प्रमाण १७.० वरून २७.१ टक्क्यांवर गेलं. आणि घरात-नात्यात भांडणं होतायत असं सांगणारे ३.५ टक्क्यांवरून १४ टक्के झाले, म्हणजे चौपट. ही भांडणं कुठल्या बंकरमध्ये दिसणार? ती स्वयंपाकघरातच दिसणार. आणि त्याच अभ्यासात हेही दिसलं की पहिल्या फॉर्मवर ज्यांना पीटीएसडीची लक्षणं होती त्यातले साधारण निम्मे लोक दुसऱ्या फॉर्मपर्यंत सुधारले होते, म्हणजे पहिला फॉर्म काहींना उगाच घाबरवतो आणि काहींना सोडून देतो, दोन्ही.

आता मोजता कुणाला? हा प्रश्न साधा वाटतो पण तिथे भले भले फसतात. ज्यांना आधीपासून त्रास आहे त्यांना बऱ्याचदा मोहिमेवर पाठवलंच जात नाही, मागे ठेवतात. मग गेलेले आणि मागे राहिलेले यांची तुलना केली की गेलेलेच जास्त धडधाकट दिसतात आणि कुणीतरी लिहितं की बघा, युद्धाचा काही परिणाम होत नाही! खरं चित्र बघायचं असेल तर एकाच प्रकारच्या माणसांना किती वेळा आणि किती खोलवर त्यातून जावं लागलं ते बघायला लागतं. होगच्या अभ्यासात इराकला गेलेल्यांमध्ये प्रत्यक्ष गोळीबाराची चकमक एकदाही न झालेल्यांत पीटीएसडी ४.५ टक्के, एक-दोन चकमकी झालेल्यांत ९.३, तीन ते पाचवाल्यांत १२.७ आणि पाचाच्या वर १९.३ टक्के. पायऱ्यांसारखं चढत जातं. तसंच २००७ साली इराकमध्ये जाऊन केलेल्या पाहणीत सार्जंट लोकांमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या नाईक-हवालदारांच्या जागी असलेल्यांमध्ये, पहिल्यांदा तैनात झालेल्यांत ११.९ टक्के, दुसऱ्यांदा १८.५ आणि तिसऱ्या-चौथ्यांदा २७.२ टक्के जणांत मानसिक त्रास दिसला. हे लोक कच्चे नव्हते, उलट सगळ्यात अनुभवी होते. तर ‘मन घट्ट करायला शिका’ एवढं सांगून हा आकडा खाली येत नाही, घरी राहायला मिळणारा काळ वाढवला तर येईल.

आधीच चाळून कच्च्या मनाची माणसं भरतीलाच बाजूला काढू ही कल्पना फार जुनी आहे. पहिल्या महायुद्धात तोफांच्या माऱ्यात माणसं थरथरायला लागायची, वाचा जायची, त्याला ‘शेल शॉक’ म्हणायचे. १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली तेव्हा रॉबर्ट वुडवर्थ या मानसशास्त्रज्ञाला सांगितलं गेलं की असले रिक्रूट आधीच ओळखायची युक्ती काढा, त्यानं हो-नाही प्रश्नांची लांबलचक यादी बनवली, आज आपण ज्या पर्सनॅलिटी टेस्ट भरतो त्यांची ती आजी. पण ती तयार होऊन वापरात येईपर्यंत युद्ध संपलं. दुसऱ्या महायुद्धात मग जोरात चाळणी लावली, लाखो तरुणांना मानसिक कारण देऊन परत पाठवलं, तरीही मन खचून मागे आणावे लागलेल्यांचं प्रमाण पहिल्या युद्धापेक्षा कमी झालं नाही, उलट वाढलं. म्हणजे कोण मोडेल हे आधी ओळखणं जवळजवळ कुणालाच जमलेलं नाही. पुरेसा मारा झाला तर कुणीही मोडू शकतं.

लोक विचारतात की रक्त, केस, स्मार्टवॉच यातून कळत नाही का. थोडं कळतं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि कॉर्टिसोल नावाचं ताणाचं हार्मोन त्यात साठत जातं, म्हणजे तीन सेंटिमीटर केस म्हणजे तीन महिन्यांची डायरीच. जर्मन संशोधकांनी अफगाणिस्तानला जायच्या आधी सैनिकांचे केस तपासले तर गंमत म्हणजे ज्यांचं कॉर्टिसोल कमी होतं त्यांच्यात, तिथे आघात अनुभवल्यावर, पुढे लक्षणं जास्त वाढली. जास्त नव्हे, कमी! गटाचा अभ्यास म्हणून हे फार मोलाचं आहे पण एका जवानाचा केस बघून तुला त्रास होणार की नाही हे आज कुणीही सांगू शकत नाही, आणि कुणी तसं सांगून मशीन विकायला आलं तर जरा थांबून विचार करा.

परदेशी प्रश्नावली आपल्याकडे जशीच्या तशी चालत नाही हे मला भाषांतर करताना कळलं. त्यात एक प्रश्न आहे भावना बधिर झाल्यासारखं वाटतं का असा. दादाला मी तो वाचून दाखवला तर तो म्हणाला, बधिर म्हणजे? इंजेक्शन दिल्यासारखं? मग म्हणाला, “तसं नाही, पण पोरगं पहिलं आलं शाळेत तेव्हा आनंद व्हायला पाहिजे होता, तो झाला नाही.” हेच तर विचारायचं होतं. आपला माणूस मनाचं दुखणं अंगातून सांगतो, छातीत धडधडतंय, डोकं जड झालंय, अन्न गोड लागत नाही. ते शब्द यादीत नसतील तर त्याचा स्कोअर कमीच येणार. आणि दुसरं म्हणजे ताण फक्त गोळीचा नसतो. रजा मंजूर झाली नाही, भावकीनं बांध कोरला आणि तिकडे वडील एकटे तलाठ्याकडे खेटे घालतायत, बायको आणि आई यांचं पटत नाही आणि दोघींचे फोन एका पाठोपाठ एक येतात, आणि हा तिकडे बर्फात उभा, काही करू शकत नाही. सरकारकडून संसदेत जी उत्तरं येतात त्यातही घरगुती अडचणी हे कारण सारखं येतं. अमेरिकेत बनलेल्या यादीत बांधाचा प्रश्न कुठून येणार?

आपल्याकडे आकड्यांवर वाद कसा होतो तेही सांगते. २०२१ च्या जानेवारीत दिल्लीच्या युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन या संरक्षण विषयावरच्या अभ्यास संस्थेतल्या एका कर्नलच्या संशोधनाची बातमी आली, निम्म्याहून जास्त सैन्य तीव्र ताणाखाली असल्यासारखं दिसतं अशी. लष्कराकडून त्यावर आक्षेप आला, सॅम्पल चारशेच्या आसपासचं, एवढ्या मोठ्या सैन्याबद्दल त्यावरून कसं बोलता, आणि तो लेख वेबसाइटवरून काढला गेला. आक्षेपात तथ्य आहे, चारशे माणसं कुठल्या युनिटची, कशी निवडली हे फार महत्त्वाचं असतं. पण मग उत्तर एकच, मोठं सॅम्पल घ्या, बाहेरच्या लोकांकडून तपासून घ्या आणि छापा. लेख काढून टाकल्यानं कुणाचा ताण कमी झाला नाही.

आता मला जे मनापासून म्हणायचंय ते. मोजण्याची दोन वेगवेगळी कामं आहेत आणि आपण ती एकात कालवतो. एक, त्रास असलेला माणूस शोधून त्याला डॉक्टरपर्यंत नेणं. दुसरं, पलटणीची तब्येत बघणं. पहिल्याला नाव लागतं, दुसऱ्याला अजिबात लागत नाही. आणि पहिलं काम नुसत्या फॉर्मनं होत नाही हे ब्रिटिशांनी करून बघितलं, २०१७ मध्ये छापलेल्या त्यांच्या प्रयोगात अफगाणिस्तानहून परतलेल्या ४३४ प्लाटून (म्हणजे सैन्यातल्या छोट्या तुकड्या), दहा हजारांवर सैनिक होते. काही प्लाटूनना कॉम्प्युटरवर उत्तरं दिल्यावर ज्याच्या त्याच्या त्रासाप्रमाणे सल्ला मिळाला, बाकीच्यांना सगळ्यांना सारखा साधा सल्ला. नंतर बघितलं तर आजारातही फरक नाही आणि मदत घेण्यातही नाही. एवढा नीट केलेला प्रयोग आणि हाती काय आलं तर ‘नुसतं विचारून भागत नाही’. मला हा निकाल निराशेचा वाटत नाही, कारण त्यानं निदान एक खोटं समाधान तरी काढून घेतलं.

दुसरं काम मात्र जमतं. २००३ च्या उन्हाळ्यात इराकमध्ये अमेरिकन सैनिकांच्या आत्महत्या वाढल्या तेव्हा त्यांच्या आर्मीनं डॉक्टरांची टीम थेट युद्धभूमीवर पाठवली आणि मग वर्षानुवर्षं अशा टीम जात राहिल्या, तंबूत बसून विनानावाचे फॉर्म घेत राहिल्या आणि अहवाल बाहेरही आले. त्या फॉर्ममध्ये लक्षणांबरोबर झोप किती मिळते, तैनाती किती लांब, वरचा अधिकारी कसा वागतो, उपचार घेतला तर लोक काय म्हणतील, असलं सगळं होतं. यातून कुठल्या एका माणसाला धरता येत नाही पण अमक्या युनिटमध्ये माणसं चार-पाच तास झोपतायत आणि तमक्यात साहेबावर विश्वास नाही हे दिसतं, आणि ते सुधारायला कुणाची कॅटेगरी लावावी लागत नाही. रजेचं वेळापत्रक बदलायचं असतं.

आपल्याकडे एक चांगली गोष्ट झालीय ती सांगायलाच हवी. १ डिसेंबर २०२३ ला पुण्याच्या एएफएमसीमध्ये, म्हणजे सैन्यदलांच्या मेडिकल कॉलेजात, सैनिकांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठी असलेल्या सरकारी हेल्पलाइनचा, वेगळा कक्ष सुरू झाला. टेली-मानसचा नंबर १४४१६, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं, घरचेही फोन करू शकतात. जीव नकोसा झालाय असं कुणी बोललं तर रजेची किंवा सकाळची वाट बघू नका, लगेच लावा आणि त्या माणसाला एकटं सोडू नका.

घरच्यांनी “ठीक आहेस ना?” विचारलं की उत्तर “ठीक” हेच येतं, पंधरा वर्षं हेच येतंय. काकूनं आता विचारायची पद्धत बदललीय. ती फोनवर विचारते, काल किती वाजता झोपलास, मध्ये किती वेळा उठलास, जेवणात काय होतं, अर्धं टाकलंस का. दादा आधी वैतागायचा. हल्ली सांगतो.